कोंबडखत रानात टाकायच्या आधी घाना-नायजेरियाचं बघा

भावांनो, पोल्ट्रीतनं ट्रॉली आणली की लगेच रानात ओतू नका. घानात कुमासी शहरातले भाजीवाले शेतकरी कोबी, लेट्यूसला कोंबडखत भरपूर टाकतात कारण पोल्ट्र्या जवळच, खत स्वस्त, पण ताजं खत पानाला लागलं की जंतू थेट ताटात. नैऋत्य नायजेरियात जमीन हलकी, सेंद्रिय कर्ब कमी, तिथल्या मका-टोमॅटोच्या बऱ्याच प्रयोगांत हेक्टरी १० टनांच्या आसपास खत मातीत मिसळून देतात, मला हेच पटतं. आपण ढीग सावलीत लावायचा, उसाचा पाला मिसळायचा, ओल ठेवायची, ८-१० दिवसांनी पलटी मारायची, वास जाऊन ढीग गार पडला की वापरा. शिरोळकडच्या क्षारपड रानात मात्र माती तपासल्याशिवाय नकोच, या खतातपण क्षार असतात.