धाप लपवू नका : हृदयाच्या झडपेचा आजार असताना व्यायामातल्या या चुका टाळा

माझी मावशी लातूरला गंजगोलाईत भाजी आणायला पायी जायची. वाटेत दोन ठिकाणी थांबायची. एकदा शिलाईच्या दुकानाच्या पायरीवर, एकदा लिंबाच्या पारावर. आम्ही सगळे म्हणायचो, मावशीला माणसं लागतात, भेटेल त्याच्याशी बोलत बसते. एक दिवस मी सोबत होते. ती पायरीवर टेकली तेव्हा दुकान बंद होतं, बोलायला कोणीच नव्हतं. पदराचं टोक मुठीत धरून ती नुसती रस्त्याकडे बघत बसली. गळ्याच्या खाचेतली कातडी आत-बाहेर होत होती. "काय नाही गं माय, जरा टेकले," एवढंच म्हणाली. पंधरा दिवसांनी टू डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. हृदयातली मायट्रल झडप अरुंद होत होत १ चौरस सेंटिमीटरवर आली होती. निरोगी माणसात ती ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांच्या चालण्याकडे बघणं हे माझं रोजचं काम, आणि घरातली धाप मला वर्षभर दिसली नाही. म्हणून ही चूक सगळ्यात आधी.

"मला काही त्रास नाही" म्हणणं

झडपेचा आजार हळूहळू वाढतो, आणि माणूस त्याच्याबरोबर हळूहळू कमी चालायला लागतो. आधी गच्चीवर जाणं बंद होतं, मग शेताचा लांबचा बांध, मग देवळाच्या पायऱ्या. डॉक्टरांनी विचारलं, "दम लागतो का?" तर उत्तर येतं, "नाही." खरंच लागत नसतो, कारण दम लागेल असं काही ती व्यक्ती करतच नसते. मग इकोत झडप खराब दिसली तरी कागदावर "लक्षणं नाहीत" असं लिहिलं जातं आणि त्याच कागदाच्या भरवशावर व्यायाम सुरू होतो.

घरच्यांनी प्रश्न बदलावा. दम लागतो का, असं न विचारता गेल्या दिवाळीत काय जमत होतं आणि आता काय जमत नाही, ते विचारा. एक ठरलेली वाट धरा, घर ते पिठाची गिरणी म्हणा, आणि दर आठवड्याला ती चालताना किती वेळा थांबावं लागलं ते कॅलेंडरवर लिहा. रात्री एका उशीवर झोप लागते की दोन लागतात, आडवं पडल्यावर खोकला येतो का, पायातली जोडवी घट्ट झालीत का, हेही बघा. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करा. एका आठवड्यात दोन-तीन किलो वाढलं तर ते खाण्यामुळे नसतं, अंगात पाणी साठत असतं. असं असेल तर त्या आठवड्यात चालणं वाढवू नका, डॉक्टरांना दाखवा.

शेजाऱ्याचं बघून व्यायाम करणं

आपल्याकडे सगळ्याला एकच शब्द : "वॉल खराब आहे." पण हृदयात चार झडपा असतात, आणि त्यातली प्रत्येक दोन तऱ्हांनी बिघडू शकते. एक तर ती नीट उघडत नाही, नाहीतर नीट मिटत नाही. या दोन्हींचा व्यायामाशी हिशेब वेगळा.

मायट्रल झडप अरुंद असेल तर फुप्फुसाकडून आलेलं रक्त खालच्या कप्प्यात उतरायला वेळ लागतो. ठोके वाढले की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो, रक्त मागे तुंबतं आणि फुप्फुसात पाणी उतरायला लागतं. मावशी बस पकडायला पळाली की खोकायची, त्याचं कारण हे. अशा माणसाला सावकाश, एका लयीत चालणं झेपतं, पळापळ झेपत नाही.

एओर्टिक झडप अरुंद असेल तर गोष्ट जास्त गंभीर. शरीराला रक्त पुरवण्याचं मुख्य दारच अर्धवट उघडतं. ही झडप ३ ते ४ चौरस सेंटिमीटर उघडायला हवी. १ च्या खाली आली की आजार तीव्र समजतात. चालताना पायांच्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पण त्या प्रमाणात रक्त पुढे सोडणं हृदयाला जमत नाही, रक्तदाब घसरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. श्रमात छाती भरून येणं, दम लागणं किंवा चक्कर येऊन पडणं, यातलं एक जरी झालं तरी व्यायाम थांबवायचा आणि तो झडपेचा इलाज होईपर्यंत थांबवायचा. हळूहळू सवय होईल, हा सल्ला इथे जीवघेणा आहे.

गळणाऱ्या झडपेत चालणं, सायकल, हलका व्यायाम बहुतेकांना मानवतो, पण जोर लावून वजन उचलणं नाही. मूठ आवळून ताकद लावली की रक्तदाब चढतो, आणि दाब चढला की गळती वाढते.

म्हणून इकोच्या कागदावर तीन गोष्टी शोधा : कोणती झडप, अरुंद की गळकी, आणि माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर. माइल्ड असेल आणि त्रास खरोखर नसेल तर सहसा कुठलंच बंधन नसतं; आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालावं, घाबरून खाटेवर बसू नये. मॉडरेट असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीत ट्रेडमिलवर चालवून मर्यादा ठरवून घ्यावी. सिव्हिअर असेल तर स्वतःच्या मनाने काहीच सुरू करू नये. जन्मतः एओर्टिक झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या असतील तर महाधमनीही फुगलेली आहे का, हे जिमला जाण्याआधी विचारा.

श्वास कोंडून जोर लावणं

कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक यांना लोक व्यायामात धरतच नाहीत. बसून करायचं म्हणजे निर्धोक, अशी समजूत. पण श्वास कोंडला की छातीतला दाब एकदम बदलतो, हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं आणि सोडल्यावर दाब उसळतो. अरुंद झडपेला हा झटका नको असतो. अनुलोम-विलोम श्वास न रोखता, साधं दीर्घ श्वसन, हे चालतं. शीर्षासन नाही.

आणि जोर म्हणजे नुसता जिममधला डंबेल नव्हे. आपल्याकडे हापसा आहे. भरलेली घागर दहा-पंधरा किलोची होते. ऊसतोडीला जाणारी बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, तिच्या कामाला व्यायामाच्या कुठल्याही तक्त्यात जागा नाही. माझ्याकडे बीडच्या बाजूची एक बाई आली होती. कोणीतरी तिला रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. दिवसभर उसाच्या फडात राबून ती रात्री कोपीभोवती, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीभोवती, फेऱ्या मारायची, कारण सांगितलंय म्हणून. व्यायाम सांगणाऱ्याने आधी दिवसभराचं काम विचारायला हवं होतं. तुम्हाला विचारलं नाही तर तुम्ही आपणहून सांगा. पाणी अर्ध्या घागरीने दोनदा आणा, मोळी उचलण्याचं काम डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बंद करून घ्या.

भरतीच्या पोरांची "सवय होईल"

पहाटे पाचला लातूर, बीड, परभणीच्या कुठल्याही बायपासवर जा, पोलीस भरतीची पोरं-पोरी पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. यात कोणाला पळता पळता चक्कर आली तर उपाशी पळाला म्हणून केळं खायला देतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं करतात. असं करू नका. पळून थांबल्यावर आलेली घेरी वेगळी, पळतानाच कोसळणं वेगळं. पळताना कोसळलेल्याचा ईसीजी आणि इको होईपर्यंत पुन्हा पळणं नाही.

लहानपणी घसा सुजून नंतर गुडघे, घोटे आळीपाळीने सुजले होते का, तेही घरी विचारा. संधिवाताच्या तापाची ती खूण आहे. साधारण ५ ते १५ या वयात तो येतो, सांधे बरे होतात आणि झडप मात्र मागे खराब होत राहते. त्यासाठी दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन चालू असेल तर "आता तब्येत झाली, पळतोय की" म्हणून ते सोडू नका.

ऊन, उपवास आणि पायऱ्या

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी आधीच कमी असतं, त्यात घाम. रक्तदाब घसरून चक्कर येते. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत चालणं उरकावं. मीठ घातलेलं लिंबू सरबत ग्लासामागून ग्लास पिऊ नये. पाणी आणि मीठ किती, हे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पाळावं. डिसेंबरात परभणीकडे थंडी चावते तेव्हा उलट करा, ऊन अंगावर आल्याशिवाय निघू नका.

तुळजापूरचं एक सांगते. महाद्वारातून देवीकडे जाताना पायऱ्या उतरायच्या असतात. उतरताना काहीच वाटत नाही, दर्शन होतं, आणि मग परतीची चढण येते. त्यात नवरात्राचा उपवास, रात्रभराची पदयात्रा, गर्दी, आणि उपाशीपोटी नको म्हणून चुकवलेली गोळी. कृत्रिम धातूची झडप बसवलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी चुकवली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. जायचं असेल तर गाडीने जा, गर्दीचे दिवस टाळा, वर येताना दर आठ-दहा पायऱ्यांवर थांबा.

घड्याळातला आकडा

व्यायामात ठोके जास्तीत जास्त किती जावेत, याचं २२० वजा वय हे गणित मोबाइलवर सगळ्यांना मिळतं. मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी ठेवणारी गोळी चालू असेल तर ते लागू पडत नाही. आकडा गाठायला गेलात तर जीव मेटाकुटीला येईल. सोपी कसोटी आहे. चालताना सलग वाक्य बोलता आलं पाहिजे. अभंग म्हणायला दम पुरला नाही तरी चालेल. पण दोन शब्दांनंतर थांबावं लागत असेल तर वेग कमी करा. नाडी वेडीवाकडी, कधी दोन जलद, कधी एक उशिरा, अशी लागली तर ते दाखवायलाच हवं. सुरुवातीची आणि शेवटची पाच-दहा मिनिटं सावकाश चाला, एकदम थांबू नका.

ऑपरेशननंतर

छातीचं हाड जुळायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर दोन-तीन किलोपेक्षा जास्त उचलू नये, दुचाकी चालवू नये, खाटेवरून उठताना हातांवर भार न देता कुशीवर वळून पाय खाली सोडावेत. पण चालणं पहिल्या आठवड्यापासून हवं. झडप बदलल्यावर मावशीला आधी घरातल्या घरात, मग अंगणात, मग गल्लीच्या तोंडापर्यंत चालवलं. श्वासाच्या व्यायामाच्या तीन चेंडूंच्या यंत्रात ती हवा बाहेर फुंकत होती. त्यात हवा आत ओढायची असते, हे मी आधी दाखवायला हवं होतं.

धातूची झडप असेल तर कबड्डी, कुस्ती बंद. डोक्याला मार लागला तर जखम दिसो न दिसो, लगेच दवाखाना. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक : चालून गुडघे दुखले म्हणून डायक्लोफिनॅकची गोळी किंवा कमरेत इंजेक्शन. वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांबरोबर त्याने पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि सुई टोचलेल्या जागी स्नायूत रक्त साचतं. कोणाकडेही गेलात तरी तोंड उघडून आधी रक्त पातळ होण्याच्या गोळीचं नाव सांगा. ताप असेल त्या दिवशी व्यायाम नाही. दोन दिवसांत ताप उतरला नाही तर स्वतःच अँटिबायोटिक न घेता रक्तात जंतू आहेत का ते बघणारी कल्चर तपासणी होऊ द्या.

कोणी कोसळलं तर

आडवं करा, तोंडात पाणी ओतू नका, १०८ ला फोन लावा. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला सुरुवात करा, ऑपरेशनचा व्रण असला तरी. घरात कोणाची छातीत दुखल्यावर घ्यायची सॉर्बिट्रेटची गोळी असते, ती उचलून जिभेखाली ठेवू नका. एओर्टिक झडप अरुंद असलेल्याचा रक्तदाब तिने आणखी कोसळू शकतो.

मावशीच्या बटव्यात एक चिठ्ठी असते, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली. मायट्रल झडप, धातूची, ॲसिट्रॉम चालू, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा) २.५ ते ३.५ हवा, शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख, आणि माझा नंबर. तारीख ती दर वेळी स्वतः खोडून नवी लिहिते.