स्वतः पुस्तक छापताय? पैसे अडकवणाऱ्या या चुका टाळा

पुस्तक कुठे आणि कोणामार्फत विकायचं हे ठरण्याआधीच किती प्रती छापायच्या हे ठरवून टाकणं, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. छापखान्यात हमखास ऐकू येतं, "पाचशेऐवजी हजार घ्या, प्रत स्वस्त पडेल." ते खोटं नाही. ऑफसेटमध्ये, म्हणजे धातूच्या प्लेटवरून होणाऱ्या छपाईत, प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींनाही तेवढाच आणि हजारांनाही तेवढाच. पण हिशेब विकलेल्या प्रतींवर मांडून बघा. समजा 500 प्रती 70 रुपयांप्रमाणे 35,000 ला पडल्या आणि 1,000 प्रती 52 रुपयांप्रमाणे 52,000 ला. विकल्या गेल्या 400. तर विकलेली प्रत पहिल्या हिशेबात साडेसत्याऐंशी रुपयांना पडली आणि 'स्वस्त' हिशेबात 130 ला. पहिल्या 100-150 प्रती डिजिटलवर, म्हणजे थेट फाइलवरून छापणाऱ्या मशीनवर, काढाव्यात. प्रत महाग पडते, पण प्लेटचा खर्च नाही आणि पहिल्या महिन्यात सापडलेल्या चुका पुढच्या छपाईत दुरुस्त होतात.

दुसरी चूक किमतीची. छपाईखर्चावर थोडे पैसे चढवून किंमत ठरवली की वितरक पुस्तक घेतो आणि लेखक तोट्यात जातो. वितरकाला साधारण 40 ते 50 टक्के सवलत द्यावी लागते, कारण त्यातूनच तो पुढे दुकानदाराला देतो. 200 रुपयांच्या पुस्तकावर 45 टक्के गेले की हाती 110 उरतात. छपाईचे 70 आणि अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे 25,000 रुपये 500 प्रतींवर वाटले की आणखी 50. म्हणजे प्रत 120 ला पडली आणि मिळाले 110. तेच पुस्तक 280 ला ठेवलं तर हाती 154 येतात. म्हणून किंमत एका प्रतीच्या छपाईखर्चाच्या चौपट तरी धरावी. साभार, म्हणजे फुकट दिलेल्या, प्रतीही याच हिशेबातून जातात. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, त्यामुळे छपाईच्या बिलावर भरलेला कर तुम्हाला वळता करून मिळत नाही. दरपत्रक मागताना करासहित रक्कम मागा.

पानं 16 च्या पटीत बसवा. डेमी या पुस्तकाच्या नेहमीच्या आकारात एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा संच) 16 पानांचा, म्हणजे 160 पानांचे बरोबर दहा फर्मे. 164 पानं झाली तर उरलेल्या चार पानांसाठी वेगळी प्लेट आणि वेगळी घडी. अशा वेळी अर्पणपत्रिका आणि मनोगत आवरतं घ्यावं. पानसंख्या पक्की झाल्याशिवाय मुखपृष्ठाची अंतिम फाइल करू नका. कण्याची (पुस्तकाच्या शिवणीकडच्या उभ्या पट्टीची) जाडी बदलली की त्यावरचं नाव पुढच्या बाजूला घसरतं.

कागद निवडताना टपालही डोक्यात असू द्या. 160 पानी डेमी पुस्तकात 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागदाचं वजन सुमारे 170 ग्रॅम, कव्हर 20 ग्रॅम, वर पाकीट. 90 जीएसएम घेतला की नुसता कागदच 217 ग्रॅमच्या आसपास जातो आणि टपालाचा दर वजनाच्या टप्प्यानं चढतो. छपाईआधी कोऱ्या कागदांची नमुनाप्रत करून ती पोस्टात वजन करून घ्या. रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा जुन्या दरांवर घरपोच किंमत जाहीर करू नका.

ई-बुकच्या वेळी मराठीत घोळ होतो तो फॉन्टचा. जुळणी श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल तर छापील पुस्तक सुरेख दिसतं, पण फाइलमध्ये खरं देवनागरी नसतंच. जुळणीच्या मूळ फाइलमधली एक ओळ उचलून व्हॉट्सॲपवर चिकटवा. निरर्थक चिन्हं आली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या उपकरणांवर वाचता येणाऱ्या अक्षरांत, नाही. (ही परीक्षा पीडीएफवर घेऊ नका. पीडीएफमधून युनिकोड मजकूरही कधी कधी विस्कटून येतो.) रूपांतर केल्यावर 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'ॲ', रफार आणि जोडाक्षरावरची पहिली वेलांटी शोधून तपासा आणि मग पुन्हा एक पूर्ण मुद्रितशोधन करा. ॲमेझॉनच्या किंडलवर केडीपी सिलेक्ट ही फक्त तिथेच विकण्याची योजना निवडलीत, तर 90 दिवस ते ई-बुक दुसरीकडे विक्रीला ठेवता येत नाही. छापील प्रतीला ही अट लागू नाही.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, यासाठी पैसे मोजू नका. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो ऑनलाइन अर्जावर विनामूल्य देते. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या पॅकेजवाल्या कंपनीचा क्रमांक घेतला की नोंदीत प्रकाशक म्हणून तिचं नाव लागतं. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

करारावर सही करण्याआधी मुदत आणि प्रदेश वाचा. हक्क सोपवताना मुदत लिहिलेली नसेल तर कॉपीराइट कायदा, 1957 ती पाच वर्षं मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. जुळणीची मूळ फाइल आणि मुखपृष्ठाची खुली (बदल करता येणारी) फाइल तुम्हाला मिळेल, हे करारातच लिहून घ्या. नाहीतर दुसऱ्या आवृत्तीला सगळा खर्च पुन्हा पहिल्यापासून.

पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना छपाईआधी पाहा. अर्ज हस्तलिखिताचा असतो.

सगळ्या प्रती एकाच वितरकाकडे टाकू नका. 40-50 प्रती चलनावर (माल दिल्याच्या लेखी नोंदीवर) द्या. त्यावर सवलत, पैसे देण्याची तारीख आणि खराब होऊन परत आलेल्या प्रतींची भरपाई कोण करणार, हे लिहा. पहिल्या चलनाचे पैसे आले की दुसरं.

आणि गठ्ठे आधीच घरी येऊन पडले असतील तर पावसाळ्याआधी ते जमिनीवरून उचलून फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. ओल धरलेली प्रत ना ग्रंथालय घेतं ना दुकानदार.