स्टोरेज ड्रायव्हरमध्ये ‘एरर’ कधी लिहायचं?

लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) लॉगमध्ये लिहायच्या मेसेजच्या 0 ते 7 अशा आठ पातळ्या आहेत; आकडा जितका लहान, तितकी बाब गंभीर. ड्रायव्हर (डिस्कसारखं उपकरण चालवणारा कोड) लिहिणाऱ्याचा रोजचा संबंध येतो तो मुख्यतः चारांशी: एरर (3), वॉर्निंग (4), इन्फो (6), डीबग (7). एररहून गंभीर अशा वरच्या तिघांच्या (0 ते 2) वाटेला सहसा जाऊ नये.

इंदूरला विजयनगरच्या आमच्या ऑफिसात कॉलेजातून नवी आलेली मुलं मात्र फंक्शन फसलं रे फसलं की ‘डेव्ह-एरर’ (एरर पातळीची ओळ लिहिणारा कॉल) ठोकून देतात. एकीच्या पॅचमध्ये (कोडमधल्या बदलात) तसंच होतं. डिस्क सांभाळणारा कंट्रोलर रीसेट झाला की डिस्क पुढच्या कमांडला ‘युनिट अटेन्शन’ (‘माझी स्थिती बदलली आहे’) कळवते. स्काझी लेयर (कर्नलमधला, डिस्कला कमांड पाठवणारा थर) ती कमांड पुन्हा पाठवतो आणि काम चालू राहतं. हिच्या कोडमुळे एका रीसेटला जितक्या डिस्क तितक्या लाल ओळी!

“दादा, चेक कंडिशन आलीये, मग एररच ना?” पोह्यांच्या गाडीवर तिने वाद घातला. (चेक कंडिशन म्हणजे ‘कमांड नीट झाली नाही, कारण पाहा’ असं डिस्कचं उत्तर; युनिट अटेन्शनही त्यातूनच येतं.) मी विचारलं, रात्री दोनला ही ओळ वाचून अ‍ॅडमिनने उठून करायचं काय? काहीच नाही. मग डीबग. सेक्टर वाचताच येईना, ‘मीडियम एरर’ आली, तर एररच, आणि ओळीत सेक्टरचा नंबर हवाच. टाइमआउट झाला, कमांड अ‍ॅबॉर्ट करून गाडं पुढे सरकलं, तर वॉर्निंग.

खरी पंचाईत अशी की पुढचा प्रयत्न यशस्वी होईल का, हे खालच्या फंक्शनला ठाऊक नसतं. त्याने एरर कोड परत करून गप्प बसावं. शेवटी हात टेकणाऱ्याने लिहावं. नाहीतर एका बिघाडाच्या तीन थरांत तीन ओळी.

प्रोबमध्ये, म्हणजे उपकरण सापडल्यावर ड्रायव्हर ते सुरू करतो त्या फंक्शनमध्ये, ‘डेव्ह-एरर-प्रोब’ वापरा. 5.9 कर्नलपासून (2020) तो आहे आणि ‘प्रोब डिफर’ (‘लागणारं काही अजून तयार नाही, नंतर बघू’) आपोआप डीबगवर टाकतो. के-मॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागणारं फंक्शन) फसला तर काहीच लिहू नका, कर्नल स्वतःच स्टॅकसकट (कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं, त्या यादीसकट) बोंब मारतो.

“डीबगवर टाकलं तर कस्टमरकडे दिसणार कसं?” हा पुढचा प्रश्न ठरलेला. कर्नलमध्ये डायनॅमिक डीबग (डीबग ओळी हव्या तेव्हा चालू-बंद करायची सोय) असेल तर चालू मशीनवर, ड्रायव्हर न उतरवता, एकाच मॉड्यूलच्या (इथे ड्रायव्हरच्या) ओळी सुरू करता येतात: त्या सोयीच्या कंट्रोल फाइलमध्ये मॉड्यूलचं नाव आणि ‘प्लस पी’ (+p) लिहायचं. काम झालं की आठवणीने ‘मायनस पी’. पण प्रत्येक आयओची (डिस्कवरच्या वाचण्या-लिहिण्याची) ओळ छापत असाल आणि लॉगही त्याच डिस्कवर जात असेल, तर लॉग लिहिण्याचा आयओसुद्धा लॉगमध्ये उतरतो, आणि मग त्याचाही.