तळमजल्यावर गटाराचं पाणी उलटलं तर

पावसाळ्यात चेंबर तुंबलं की तळमजल्याच्या मोरीतून, संडासातून मैलापाणी वर येतं. झाडू उचलण्याआधी वीज बघा. मेन स्विचपर्यंत कोरड्या जमिनीवरून जाता येत असेल तरच तो बंद करा, नाहीतर वायरमनला बोलवा. वरच्या मजल्यांना नळ-फ्लश थांबवायला सांगा. बहुतेकदा त्यांचंच पाणी तुमच्याकडे येत असतं. गमबूट, रबरी हातमोजे हवेतच. पायाला जखम असताना या पाण्यात उतरलात तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती; ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. पाणी ओसरल्यावर आधी साबणाने घासा, मग ब्लीचिंग पावडर. तिच्यात अ‍ॅसिड मिसळू नका, विषारी क्लोरीन सुटतो. भिजलेली गादी, जीव कितीही तुटो, टाकूनच द्या. आणि चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, आतल्या वायूने माणूस मिनिटांत दगावतो. जेटिंगची, म्हणजे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तुंबलेलं गटार मोकळं करणारी, गाडी मागवा.