बंद पडलेल्या गाडीवर चलान आलं, तर हरकतीची तयारी

गाडी भर रस्त्यात बंद पडली, तुम्ही मेकॅनिक शोधायला गेलात आणि परत येईपर्यंत मोबाइलवर नो पार्किंगचं चलान येऊन पडलं. अशा वेळी पहिली गोष्ट : घाईने पैसे भरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० खाली दंड भरणं म्हणजे तडजोड, आणि तडजोड झाली की त्या प्रकरणातली पुढची कारवाई तिथेच थांबते. मग आपली बाजू सांगायला जागाच उरत नाही. रक्कम बहुतेक वेळा ५०० रुपयांची असते, त्यामुळे माणसं भरून मोकळी होतात. पण कलम १७७ खाली पुढच्या वेळी हाच दंड १५०० पर्यंत जाऊ शकतो, आणि न केलेली चूक आपल्या गाडीच्या नावावर का राहू द्यायची?

चलान खरं आहे ना, तेही लगेच बघून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर चलानाच्या नावाने एखादी फाइल आली असेल तर ती उघडू नका, त्यातून बँक खाती रिकामी झाली आहेत. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर स्वतः जा, गाडीचा नंबर आणि चॅसी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार अंक टाका. तिथे चलान दिसलं तर त्यावरची वेळ, ठिकाण, लावलेलं कलम आणि पोलिसांनी काढलेला फोटो, सगळं उतरवून ठेवा. तो फोटो मोठा करून नीट बघा. बॉनेट उघडं दिसतंय का? चारही इंडिकेटर चालू आहेत का? मागे इशाऱ्याचा लाल त्रिकोण ठेवलेला आहे का? असेल तर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा त्यांच्याच फोटोत आहे. त्याची प्रत त्याच दिवशी काढून ठेवा.

आता कायद्याचा मुद्दा, कारण पुढची सगळी जमवाजमव त्याच्याभोवती करायची आहे. रहदारीला अडथळा होईल अशी गाडी उभी केली, तर कलम २०१ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या कलमात पोटकलम ४ आलं. गाडी अनपेक्षितपणे बंद पडली असेल आणि ती हलवण्याचं काम चालू असेल, तर हा दंड लागू होत नाही, असं त्यात सरळ म्हटलं आहे. बऱ्याच वाहनचालकांना हे ठाऊकच नसतं. यात दोन अटी आहेत, आणि दोन्ही सिद्ध कराव्या लागतात : बिघाड अचानक झाला, आणि आपण गाडी हलवायच्या मागे होतो. चलानावर कलम १२२ आणि १७७ लिहिलेलं असेल, तर ही सवलत त्या कलमांत शब्दशः नाही. तरीही अर्जात तिचा उल्लेख करा. कलम १२२ गाडी सोडून देणं किंवा उभी राहू देणं याबद्दल आहे. ती हलवण्यासाठी तुम्ही धडपडत होतात, हे दाखवता आलं तर बोलायला आधार मिळतो.

माझ्या गाडीची क्लच केबल पावसाळ्यात एका सिग्नलजवळ तुटली. दोघा पोरांनी ढकलून ती डाव्या कडेला लावून दिली आणि मी रिक्षा करून गॅरेज गाठलं. चलान आलं तेव्हा मी अर्जात एवढंच लिहिलं, ‘गाडी बंद पडली होती, कृपया दंड रद्द करावा.’ हरकत नाकारली गेली. मला तेव्हा फार राग आला होता, पण आज तो अर्ज वाचला की वाटतं, समोरच्या माणसाने कशाच्या जोरावर विश्वास ठेवायचा होता? मग मी कागद गोळा करायला बसले.

सुरुवात वेळेपासून केली. एका कोऱ्या पानावर त्या दिवशीचा क्रम लिहून काढला : गाडी किती वाजता बंद पडली, पहिला फोन कोणाला केला, रिक्षा कधी पकडली, मेकॅनिक कधी पोचला, गाडी कधी हलली. प्रत्येक ओळीसमोर तिचा पुरावा. मोबाइलमधली कॉलची यादी, रिक्षाचे ऑनलाइन दिलेले पैसे, मेकॅनिकला पाठवलेलं लोकेशन. तुम्ही टोल नाका ओलांडून आला असाल तर फास्टॅगचा मेसेजही उपयोगी पडतो, कारण गाडी त्या वेळेपर्यंत चालत होती हे त्यातून कळतं. ११२ ला किंवा राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन केला असेल, तर त्याचा स्क्रीनशॉट सगळ्यांत वर ठेवा. चलानाची वेळ या क्रमात नेमकी कुठे बसते ते लाल शाईने लिहा. ती ‘फोन केला’ आणि ‘मेकॅनिक पोचला’ यांच्या मध्ये पडली, तर कायद्यातली दुसरी अट जवळजवळ पूर्ण झाली म्हणून समजा.

बिलाचं मात्र मनावर घ्या. माझा मेकॅनिक म्हणाला, ‘ताई, एवढ्याशा कामाला बिल कशाला?’ आणि मीही मान डोलावली. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्याने आपल्या छापील पावतीपुस्तकात तारीख, गाडीचा नंबर, जागेवर येऊन केबल बदलल्याची नोंद आणि वेळ लिहून सही-शिक्का दिला. ‘क्लच केबल बदलली’ एवढं पुरत नाही, ‘गाडी रस्त्यावर बंद अवस्थेत होती’ हे वाक्य हवं. तुटलेली केबल मी मागून घेतली. बॅटरी बदलली असेल तर वॉरंटी कार्डावर तारीख असते. कंपनीची किंवा विम्यातली रस्त्यावरची मदत बोलावली असेल तर तक्रार क्रमांकाचा मेसेज आणि जॉब कार्ड घ्या. गाडी टो करून नेली असेल तर त्याची पावती.

फोटो माझ्याकडे नव्हते. तुमच्याकडे असावेत म्हणून सांगते : गाडी बंद पडली की डिकीतला त्रिकोण आधी मागे ठेवा, इंडिकेटर लावा आणि मग चार फोटो काढा. डॅशबोर्डवरचा लाल दिवा, उघडं बॉनेट, मागून त्रिकोणासह गाडी, आणि एक असा की शेजारच्या दुकानाची पाटी दिसावी. चावी फिरवूनही इंजिन सुरू होत नाही, याचा छोटा व्हिडिओ. मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या, कारण व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या फोटोतून वेळेची माहिती पुसली जाते. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा तो फोन विकू नका.

आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी यांच्या प्रती जोडा, मुदत तपासून. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर त्याचं लेखी निवेदन घ्या.

अर्ज अर्ध्या पानाचा पुरे. माझा दुसरा अर्ज साधारण असा होता : ‘अमुक दिनांकास अमुक ठिकाणी वाहन क्लच केबल तुटून अचानक बंद पडले. वाहन ढकलून डाव्या कडेस घेतले व अमुक वाजता मेकॅनिकला दूरध्वनी केला. चलान अमुक वाजताचे असून त्या वेळी वाहन हलवण्याची व्यवस्था सुरू होती. दुरुस्ती अमुक वाजता पूर्ण होऊन वाहन हलवले. कलम २०१(४) विचारात घेऊन चलान रद्द करावे. सोबत कागद १ ते ५.’ पोलिसांच्या वागण्याबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं. चलान रद्द झालं.

हरकत घेण्याआधी स्वतःशी प्रामाणिक राहा. पेट्रोल संपलं असेल तर त्याला अनपेक्षित बिघाड म्हणणं अवघड आहे. गाडी दोन दिवस तशीच उभी होती आणि कोणालाच फोन केला नव्हता, तर दुसरी अट गेलीच.

हरकत नाकारली गेली आणि प्रकरण व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे चलानांच्या ऑनलाइन न्यायालयात, दिसू लागलं, तर तिथे दंड भरणं आणि केस लढवणं असे दोन पर्याय येतात. लढवण्याचा निवडला की प्रकरण नेहमीच्या न्यायालयाकडे जातं. तारखेला हजर राहावं लागतं, म्हणून रजेचा हिशेब आधी करा आणि मेकॅनिक साक्षीला येईल का ते विचारून ठेवा. लोकअदालतीत दंड कमी होऊ शकतो, पण तिथे होते ती तडजोडच, आणि तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. आपली चूक नव्हती असं म्हणायचं असेल तर ती जागा नाही.

चलान रद्द झालं तरी आठवड्याभराने संकेतस्थळावर पुन्हा बघा आणि गाडीच्या नावावर काही बाकी नसल्याचं पान छापून आरसीच्या फाइलमध्ये लावा. गाडी विकताना घेणारा पहिल्यांदा तेच विचारतो.