घाबरणाऱ्या बाईला स्कूटर शिकवताना

खारघरला सकाळी सहाच्या सुमारास सेंट्रल पार्कबाहेरचा रस्ता मोकळा असतो, तेव्हा मी बायकांना स्कूटर शिकवते. बहुतेक जणी चाळिशी ओलांडलेल्या. आल्या आल्या म्हणतात, "मला नाही जमायचं हो." आधी हे वाक्य हाताळायचं, गाडी नंतर.

तुम्ही कुणाला शिकवणार असाल, तर लर्निंग लायसन्स आणि हेल्मेट हवंच. पण पहिल्या दिवशी तिला गाडीवर बसवू नका, फूटपाथवर बसून बघू द्या. कुणाला बघायचं, यावर सगळं आहे. मी स्वतः चालवून दाखवत नाही. माझं सफाईदार वळण बघून नवखीला वाटतं, हिचं काय, हिला येतंच. तिच्याच वयाची, दोन आठवड्यांपूर्वी शिकायला लागलेली, अजून वळणावर पाय टेकणारी बाई तिला दाखवा. त्या बाईला मोठ्याने बोलत चालवायला सांगा: "हात सैल... बोटं ब्रेकवर... आता पाय खाली." ती कुठे अडखळते आणि कशी सावरते, हे दोन्ही दिसलं पाहिजे.

बघण्याने भीतीही शिकली जाते. एकदा एकीची गाडी डगमगली आणि मी किंचाळले. तिला काही झालं नाही, पण फूटपाथवर बसलेल्या दोघी त्या दिवशी गाडीला हात न लावता घरी गेल्या. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेला प्रयोग १९६१ साली प्रसिद्ध झाला. मोठ्या माणसाला बाहुल्याला मारताना पाहिलेली लहान मुलं नंतर स्वतःही तशीच मारत होती, तेच शब्द बोलत होती. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हे वाचल्यापासून मी आवाज चढवत नाही, आणि "अगं ब्रेक, ब्रेक!" ओरडणाऱ्या घरच्यांना घरीच थांबायला सांगते.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन बंद. हलक्या उतारावर नुसती पायांनी ढकलत न्यायची, ब्रेक दाबून थांबवायची. वीसेक वेळा. हे कंटाळवाणं वाटलं तरी गाळू नका, कारण इंजिन चालू झाल्यावर खरा धोका मुठीत असतो. गाडी पुढे झेपावली की अंग मागे जातं, अंग मागे गेलं की उजवी मूठ आणखी पिळली जाते, रेस वाढते. त्या क्षणी विचार करायला वेळ नसतो. बोटांना आधीच ब्रेकची सवय लागलेली असेल तरच ती आपसूक दाबतात.

आत्मविश्वास कुठून येतो, याबद्दल बांडुरांनी १९७७ साली चार गोष्टी सांगितल्या: स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्याला जमलेलं पाहिलेलं, इतरांनी दिलेला धीर आणि शरीराची अवस्था. यात स्वतः केलेलं सगळ्यात भक्कम. म्हणून "जमेल गं तुला" हे मी अगदी कमी बोलते. त्याऐवजी सांगते, "काल सहा वेळा पाय टेकलेस, आज दोनदा." हे तिचं तिने केलेलं असतं, ते नाकारता येत नाही. आणि छातीत धडधडायला लागलं तर सांगा, वाशीला लोकल पकडायला धावतानाही असंच धडधडतं, तरी आपण चढतोच ना! मग दोन मिनिटं थांबून पुन्हा बसवा. घाबरलेली असताना तिला घरी पाठवू नका. साधं, आधी जमलेलं काहीतरी करून घ्या आणि त्यावर दिवस संपवा.

सानपाड्याहून येणाऱ्या एक ताई पहिले चार दिवस हँडल इतकं घट्ट धरायच्या की तळव्यांवर रबराची नक्षी उमटायची. गेल्या सोमवारी एक नवी बाई आली, तेव्हा मी तिला ताईंकडे बघायला बसवलं. ताईंनी वळण घेतलं, मध्येच डावा पाय टेकला, पुन्हा निघाल्या. फूटपाथपर्यंत त्यांचा आवाज येत होता, "हात सैल... बोटं ब्रेकवर..." नवी बाई मांडीवरची पर्स बाजूला ठेवून पुढे सरकून बसली होती, आणि तिची बोटं हवेतच ब्रेक दाबत होती.