संगणक रिकामा, पंखा मात्र सुसाट: या चुका टाळा

काम काही चालू नाही, माऊसला हात लावूनही दहा मिनिटे झाली, आणि कॅबिनेटमधला पंखा एकाएकी घोंघावू लागतो. अशा वेळी बहुतेकजण आधी थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि त्यावरच्या कूलरमध्ये लावायच्या लेपाची) ट्यूब आणतात. ती घाई नको. पंखा जोरात फिरण्यामागे तीन शक्यता असतात: प्रोसेसरवर खरोखरच काम आहे, काम नाही पण उष्णता बाहेर पडत नाही, किंवा काम आणि उष्णता दोन्ही नसून पंख्यावरचे नियंत्रणच सुटले आहे. नेमके कोणते ते कळेपर्यंत स्क्रू-ड्रायव्हर खणातच राहू द्या.

ते कळायला अर्धा तास पुरतो. एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर ‘सेन्सर्स ओन्ली’मध्ये उघडा, नोंद सुरू करा आणि संगणकापासून उठून जा. परत आल्यावर तीन आकडे शेजारी ठेवून वाचा: प्रोसेसरचा वापर, तापमान आणि पंख्याचे फेरे. तिन्ही एकत्र चढले तर कारण सॉफ्टवेअरमध्ये आहे. वापर कमी पण तापमान 65–70 अंशांवर असेल, तर हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारी धातूची पाती) किंवा हवेची वाट तपासा. तापमान 40–45 आणि पंखा पूर्ण वेगात असेल, तर बायोस (मदरबोर्डची मूळ सेटिंग्ज) आणि पंख्याची वायर पाहा.

टास्क मॅनेजर उघडून लगेच निष्कर्ष काढणे

सर्वांत जास्त फसवणूक इथे होते. विंडोज आपली बरीच कामे तुम्ही उठून गेल्यावरच करते: शोधासाठी फायलींची सूची बनवणे, डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसची तपासणी, अपडेटची तयारी. माऊस हलला की त्यातली बहुतेक थांबतात. म्हणून टास्क मॅनेजर उघडेपर्यंत सगळे शांत झालेले असते आणि ‘काहीच चालू नव्हते’ असे वाटते. नोंद ठेवायची ती याचसाठी.

दुसरी फसगत टक्क्यांची. 16 थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी 16 कामे हाताळणाऱ्या, प्रोसेसरवर एखादा प्रोग्राम एक थ्रेड पूर्ण अडवून बसला, तर एकूण वापर जेमतेम 6 टक्के दिसतो. तेवढ्याने प्रोसेसरचा तो कोअर (गाभा) टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा चढ्या, वेगाला जातो, तापमान उसळते आणि पंखा ओरडतो. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स भागात आलेखावर राइट-क्लिक करून ‘लॉजिकल प्रोसेसर्स’ निवडा. एकच चौकोन भरलेला दिसला तर अडवून बसलेला प्रोग्राम शोधा.

स्वयंचलित देखभालीची वेळ मुळात पहाटे 2 ची असते. तेव्हा संगणक बंद असला की ती पुढच्या रिकाम्या वेळेवर ढकलली जाते, म्हणजे नेमकी तुम्ही जेवायला उठता तेव्हा. कंट्रोल पॅनेलच्या ‘सिक्युरिटी अँड मेन्टेनन्स’मध्ये ही वेळ बदलता येते. मात्र रोजच असे होत असेल आणि नोंदीत अनोळखी प्रोग्राम दिसत असेल, तर डिफेंडरची ऑफलाइन तपासणी कराच. तुमच्या संगणकावर चोरून क्रिप्टो नाणी खोदणारे काही प्रोग्राम टास्क मॅनेजर उघडताच दडून बसतात.

पॉवर प्लॅन, म्हणजे विंडोजची वीजवापराची सेटिंग्जही पाहून घ्या. ‘मिनिमम प्रोसेसर स्टेट’ 100 वर असेल तर 5 टक्के करा.

थंड हवेच्या आकड्यांवर गोव्यात विसंबणे

हीटसिंक खोलीच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. रिकामा प्रोसेसर खोलीपेक्षा साधारण 10 ते 20 अंश गरम असतो. खोली 22 अंशांवर असेल तर तो चाळिशीच्या आत राहतो. मे महिन्यात पणजीत विना-एसी खोली 32–33 अंशांवर असते, म्हणजे तोच प्रोसेसर काही न करता पन्नाशी गाठतो. फॅन कर्व्हची (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगात फिरवायचा त्या आलेखाची) पायरी नेमकी 50 ला असेल, तर 49 आणि 51 च्या मध्ये पंखा दिवसभर वर-खाली होत राहतो. यात बिघडलेले काहीच नसते.

बायोसमध्ये कर्व्ह अशी लावा: 55 अंशांपर्यंत सपाट 35–40 टक्के, 70 ला 60, 80 ला 85, 90 ला 100. वेग वाढण्याआधीचा विलंब, म्हणजे ‘स्टेप अप’, 3–4 सेकंद ठेवा. एएमडी कंपनीच्या रायझन प्रोसेसरमध्ये क्षणभराच्या कामालाही तापमान 10–15 अंश उसळते. ती उसळी या विलंबात विरून जाते.

वायरच्या टोकाकडे दुर्लक्ष

चार पिनांच्या पंख्यात चौथी पिन वेगाचा हुकूम पोचवते. तो पोचला नाही तर पंखा पूर्ण वेगानेच फिरतो. रचनाच तशी आहे. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा नेमकी अशा पिनांवर बसते आणि हिरवट थर धरते. वीज बंद करून वायर काढा, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पिना पुसा, चार-पाच वेळा लावा-काढा. पंखा तीन पिनांचा असेल तर बायोसमध्ये त्या जागेला पीडब्ल्यूएमऐवजी (चौथ्या पिनेवरून नियंत्रण) डीसी (व्होल्टेजने नियंत्रण) निवडा, नाहीतर तोही कायम पूर्ण वेगात राहतो.

धूळ चुकीच्या पद्धतीने काढणे

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, सांगे भागात खनिज वाहतुकीच्या रस्त्यांलगत लाल धूळ अगदी बारीक असते. पावसाळी दमटपणात ती हीटसिंकच्या पात्यांत चिकटते आणि सुकल्यावर लिंपल्यासारखी बसते. फुंकरीने ती निघत नाही. आधी कोरडा मऊ ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. मोकळा पंखा हवेने भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर वापरू नका, त्याच्या हवेसोबत पाणी आणि तेल येते.

हवेची वाट अडली आहे का, ते पाहायला कॅबिनेटची बाजू दहा मिनिटे उघडी ठेवा. तापमान 5 अंशांहून जास्त उतरले तर जाळी, फिल्टर किंवा पंख्याची दिशा तपासा. चाचणी झाली की बाजू बंद करा. ती उघडी टाकून टेबलफॅन लावला, तर खार, ओल आणि धूळ थेट मदरबोर्डवर जाते.

थर्मल पेस्ट

वाट मोकळी असूनही रिकाम्या अवस्थेत तापमान सत्तरीत असेल, तरच इकडे वळा. आधी हीटसिंकचे चारही कोपरे दाबून पाहा. इंटेलच्या मूळ कूलरची (हीटसिंक आणि पंख्याच्या जोडीची) एखादी पुश-पिन, म्हणजे दाबून बसवायची पिन, सुटलेली सापडते. एएमडीचा जुना कूलर सरळ वर ओढू नका, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून पिना वाकतात. संगणक दहा मिनिटे चालवून गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. जुनी पेस्ट पुसून मटाराच्या दाण्याएवढा एक थेंब मधोमध ठेवा आणि स्क्रू तिरक्या जोड्यांनी थोडे-थोडे आवळा.

खोबरेल तेल

घरघरणाऱ्या बेअरिंगला हे कधीही घालू नका. 24 अंशांच्या खाली ते थिजते, म्हणजे एसीच्या खोलीत पंखा अडकतो. शिवाय धूळ धरून चिकट होते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही आठवडे तग धरतो, तेवढ्यात नवा पंखा आणा. स्क्रूच्या भोकांमधले अंतर 105 मिलिमीटर असेल तर पंखा 120 चा.

लॅपटॉपमध्ये पंखा आणि बाहेरच्या पात्यांच्या मध्ये नमद्यासारखा धुळीचा पट्टा साचतो. तो बाहेरून दिसत नाही आणि बाहेरून हवा मारली तर आणखी आत दाबला जातो; तळ उघडून चिमट्याने काढावा लागतो. तोवर ‘मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट’ 99 टक्के करा. त्याने बहुतेक लॅपटॉपमध्ये टर्बो बंद होतो, आणि पत्रव्यवहार किंवा हिशेबाच्या कामात फरक जाणवतही नाही.